आत्याबाईंना विचारलं का?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या नात्यातली जी पंचवीस-तीस घरं आहेत, त्यांतल्या एकाही घरात विजेवर चालणारी एकही वस्तू माझ्या आतेसासूबाईंना विचारल्याशिवाय येत नसे. या घरांत लग्नं जमली, मोडली, पुन्हा जमली, एकाने बायकोला न सांगता नोकरी सोडली, दुसऱ्याने बापाला न सांगता शेत विकलं, पण मिक्सर? मिक्सर आत्याबाईंनी पास केल्याशिवाय कुणी पिशवीत घातला नाही. हा नियम आमच्या घरात पहिल्यांदा मोडला तो मी, असं माझी बायको म्हणते. माझं म्हणणं एवढंच, की तो मी मोडला नाही, माझ्या अंगठ्याने मोडला. मी कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसलो होतो, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड, आणि त्या कापडाखाली हातात मोबाइल. गाणी वाजवणारा एक स्पीकर मी नुसता बघत होतो. बघायला काही लागत नाही, आणि घ्यायचा तर आत्याबाई आहेतच. एवढ्यात सलूनवाल्याने कानामागची कड साफ करायला माझी मान डावीकडे वळवली आणि मानेबरोबर अंगठाही वळला. कापडातून मोबाइल बाहेर काढेपर्यंत त्याने मला ऑर्डरबद्दल धन्यवाद देऊन टाकले होते. मी कॉलेजात पंचवीस वर्षं गणित शिकवतो, पण ऑर्डर रद्द करायचं बटण कुठे असतं हे मला त्या दिवशी सापडलं नाही ते नाहीच.

तरी हे निभावलं असतं. पण खोकं आलं ते नेमकं आत्याबाई लातूरहून आमच्याकडे नांदेडला आठ दिवस राहायला आल्या असताना. त्या हॉलमध्ये पाय पसरून, पुढ्यात सूप घेऊन तूर डाळ पाखडत होत्या. डिलिव्हरीवाल्याने दारातून माझं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

"काय आलंय, जावाई?"

"पुस्तकं," मी म्हणालो. खोक्याच्या चारही बाजूंना स्पीकरचं हातभर चित्र होतं, हे माझ्या तोंडून शब्द निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

"पुस्तकाला वायर कवापासून लागायली?"

"आत्याबाई, ते चुकून झालं."

"चुकून माणूस पाय घसरून पडतंय. चुकून खोकं घरी येत न्हाई." आणि त्या सूप उचलून पाखडायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बायकोने, शोभाने, मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. "तुम्हाला काही कळतं का हो? लातूरला आत्याच्याच घरात गेल्या महिन्यात नवीन फ्रिज आला. दादानं आणि वहिनीनं मोबाइलवरच बघून घेतला. आत्याला कळलं कधी? टेम्पोतून उतरवताना. उदगीरवाल्यांनी टीव्ही घेतला, नायगावच्या ताईनं वॉशिंग मशीन घेतलं. कुणीही विचारलं नाही. आपलं एकच घर राहिलं होतं तिला विचारणारं." मग कुकरची शिट्टी झाली आणि ती तिकडे वळली. मी मात्र ओट्याला टेकून तसाच उभा राहिलो. चोरी पकडली गेल्याची लाज वेगळी, आणि ही वेगळी.

आता आत्याबाई म्हणजे काय चीज आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एका स्पीकरवरून हा माणूस एवढं काय घेऊन बसला आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या आत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, उंची बेताची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि आवाज भुसाराच्या सौद्यात शोभेल असा. माहेर उदगीर, सासर लातूर. त्यामुळे एरवी मराठी, पण एखादी गोष्ट नको झाली की उदगीरकडचं कानडी बाहेर येतं, "ब्याड!" आणि एकदा ब्याड झालं की ती वस्तू ब्रह्मदेवाने बनवलेली असली तरी दुकानात परत जाते. सासरी अडतीचं दुकान. ते दुकान पुरुषांनी चालवलं असं त्या घरातले पुरुष सांगतात. पण रोज संध्याकाळी मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, डाळीच्या नमुन्याच्या पुड्या घरी यायच्या आणि आत्याबाईंच्या सुपात पडायच्या. त्या एक दाणा दाताखाली धरायच्या, मूठभर पाखडायच्या आणि सांगायच्या, "हिला पाणी लागलंय," किंवा "ही धर." दुसऱ्या दिवशी दुकान त्याप्रमाणे चालायचं. चाळीस वर्षं. सांगायचा मुद्दा हा, की माल हातात घेऊन पारखायचा, वरच्या कागदावर काय छापलंय ते वाचायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात आहे. पुढे डाळ पारखायला यंत्रं आली, नमुने घरी येणं बंद झालं, तेव्हा त्यांनी तीच नजर यंत्रांकडे वळवली. यंत्रांनी त्यांचं काम घेतलं. त्यांनी यंत्रांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मला यात न्याय वाटतो.

त्यांच्या परीक्षा कुठल्या जाहिरातीत सापडणार नाहीत. मोबाइल घ्यायला जाताना त्या पदराला ज्वारीच्या पिठाची पुडी बांधून नेतात. शोरूममधल्या काचेच्या टेबलावर पुडी सोडतात, हाताला पीठ लावतात, आणि मगच पडद्यावर बोट फिरवतात. एकदा लातूरला टाय लावलेला एक विक्रेता "आजी, आजी, हे काय करताय?" म्हणत फडकं घेऊन धावला. आत्याबाई म्हणाल्या, "भाकरी थापताना फोन आला तर मी काय उठून आंघोळ करू व्हय? तुम्हा लोकांना वाळल्या हाताचं गिऱ्हाईक पायजे. तसलं गिऱ्हाईक आमच्या घरात न्हाई." कॅमेऱ्याची परीक्षा त्याहून कडक. ताटात डाळ पसरायची, त्यात दोन खडे टाकायचे, फोटो काढायचा, आणि फोटोत बघून खडे वेचता आले पाहिजेत. "माणसाचं थोबाड काय, कशात बी दिसतंय. खडा दिसला तर कॅमेरा." माझा मोबाइल असाच पास झालेला आहे. माझे मित्र त्याला हसतात. हसू दे. सहा वर्षं झाली, त्यांचे तीन-तीन बदलून झाले.

फ्रिजला त्या कमरेने धक्का देऊन बघतात, कारण बाईचे दोन्ही हात कायम भरलेले असतात आणि दार कमरेनंच लागलं पाहिजे. एका शोरूममध्ये त्यांनी रांगेतल्या अकरा फ्रिजना अशा ओळीने धक्के दिले की मालक केबिनमधून उठून आला. वॉशिंग मशीनला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पितीया?" विक्रेत्याने आकडा सांगितला. "म्हणजे आम्ही घागरी घेऊन टँकरमागं पळायचं आणि हिनं बसून प्यायचं? ब्याड!" लातूरच्या माणसाला यातला विनोद कळणार नाही, त्याला त्यातलं फक्त खरं कळेल.

आणि सगळ्यात मोठी परीक्षा दुकानात होतच नाही. ती होते लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात, चाँदभाईच्या दुरुस्तीच्या टपरीवर. आत्याबाई तिथे स्टुलावर बसून चहा पितात आणि विचारतात, "चाँद, यंदा काय जास्त यायलंय रे?" चाँदभाई स्क्रू पिळता पिळता सांगतो, "अम्मा, वो काला वाला नक्को लेव. हफ्ते में तीन आते." ते ऐकून आत्याबाई तो काळा यादीतून काढतात. पण एखादी वस्तू दुरुस्तीला येतच नसेल तर तीही काढतात. का, तर "यायली न्हाई म्हणजे एक तर लई चांगली, न्हाई तर लोक सरळ फेकून द्यायलेत. आपण जुगार खेळायचा न्हाई." मोबाइलवर लोक वस्तूंना जे तारे देतात त्यांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. "तारे कोण देतंय? ज्यानं काल खोकं फोडलं त्यो. नवी सून आल्या दुसऱ्या दिवशी कुणी वाईट म्हणतंय का?"

पण त्यांचं खरं बंड आहे ते गाण्यांत. तुमच्या मनात एव्हाना जुन्या गाण्यांवर जीव टाकणारी, नव्या गाण्यांना नावं ठेवणारी एक म्हातारी उभी राहिली असेल, तर तिला बसवा. ती मी आहे. मी पन्नाशीचा माणूस संध्याकाळी डोळे मिटून जुनी गाणी ऐकतो आणि हल्लीच्या गाण्यांत काही राहिलं नाही असं म्हणतो. आत्याबाईंना जुनी गाणी चालत नाहीत. त्यांना धडधडणारी, एकच ओळ चाळीस वेळा म्हणणारी, लग्नाच्या वरातीत खिडक्यांची तावदानं हलवणारी आजची गाणी लागतात. आणि त्यामागे विचार आहे. "जावाई, तुमचं ते गाणं सूप हातात घेऊन ऐकून बगा. बाई मधेच थांबतीया, उसासा टाकतीया, मग कुठं तरी वर जाऊन बसतीया. तवर सुपातली डाळ खाली! नव्या गाण्याचं तसं न्हाई. धाड धाड धाड, एका मापात. दोन पायली डाळ पाखडून होती, हात दुखत न्हाई."

"अहो, पण शब्द? त्यांच्या शब्दांना काही अर्थ आहे का?"

"म्हणून तर बरं. शब्द कळले की माणूस त्यात गुतून बसतंय. काम कोण करणार?"

एकदा आम्ही सगळे जीपमधून माहूरला निघालो होतो. घाट लागला, गाडी दमली, आणि आत्याबाईंनी ड्रायव्हरला फर्मावलं की ते परवाच्या वरातीतलं लाव. माझे सासरे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, पुढच्या सीटवरून वळले. "अगं, रेणुकामातेला चाललोय आपण. काही लाज?"

"देवीपुढं संबळ वाजतंय का न्हाई?"

"वाजतो."

"मग ह्यो संबळच हाय, अण्णा. नुस्ती वीज लावलीया त्याला."

सासरे पुढे बघायला लागले. घाट संपेपर्यंत जीपमध्ये ते गाणं वाजत होतं. वर देवळाजवळ पोचलो तेव्हा एक गोंधळी खरंच संबळ वाजवत बसला होता. आत्याबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, मान हलवत थोडा वेळ ऐकलं, आणि माझ्याकडे वळून नुसत्या भुवया उडवल्या. मी तोंड फिरवलं. तेव्हापासून मला संबळ ऐकला की पाठोपाठ ते गाणं ऐकू येतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर अशा बाईसमोर माझ्या अंगठ्याने आणलेलं खोकं पडलं होतं. ते दिवसभर कुणी उघडलं नाही. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की तो स्पीकर भिकार निघावा. आत्याबाईंनी "ब्याड!" म्हणावं, मी तो परत पाठवावा, आणि मग आम्ही रीतसर पिशवी घेऊन बाजारात जावं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्याच म्हणाल्या, "काढा ते बाहेर. आलंय तर बगू."

मी स्पीकर जमिनीवर ठेवला. आत्याबाईंनी त्याच्यावर स्टीलचं ताट ठेवलं, ताटात मूठभर तूर डाळ, डाळीत चार खडे. "तुमचं लावा आधी." मी माझं लाडकं जुनं गाणं लावलं. डाळ शांत पडून राहिली. गायिका वर गेली तेव्हा चार दाणे उगाच दचकल्यासारखे काठावरून खाली पडले. "आता माझं." धाड धाड सुरू झालं. सगळी डाळ ताटाच्या मधोमध गोळा झाली आणि एका लयीत नाचायला लागली, आणि चारातले तीन खडे हळूहळू कडेला सरकले. हे पदार्थविज्ञानाला धरून आहे की नाही हे मी कॉलेजातल्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो मला घरी सगळं ठीक आहे ना म्हणाला. पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मग आत्याबाईंनी पिठाच्या हाताने बटणं दाबून पाहिली, आवाज अगदी बारीक करून कान लावला, मुठीने वरून ठोकलं. लातूरला चाँदभाईला फोन लावला. चाँदभाई म्हणाला, "कभी-कभार आता अम्मा, बनके भी जाता. लेव बिनधास्त."

माझी बायको दारात हातात पातेलं धरून उभी. आत्याबाईंनी एक शब्द उच्चारला असता, तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. आम्हाला तेच हवं होतं. त्यांनाही ते कळत होतं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, परत करता येतो. दहा दिवस आहेत. आपण दोघं जाऊन बाजारात—"

"चांगला माल परत? का? माझ्या हौसेसाठी?" त्या ताटातली डाळ सुपात ओतायला लागल्या. "चाळीस वर्षं मालाबद्दल खोटं बोलले न्हाई, जावाई. सासऱ्याला राग आला तरी बोलले न्हाई. आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलू?" मग सुपाकडेच बघत, "तुमच्या अंगठ्याला बी कळतंय की. आता कशाला इचारायचं कुणाला." दुपारी त्यांनी बॅग भरली. आठ दिवसांसाठी आल्या होत्या, चौथ्या दिवशी निघायचं म्हणाल्या.

ती दुपार मी कधी विसरणार नाही, कारण त्या दुपारी मी आयुष्यातलं दुसरं खोटं बोललो आणि तेही पहिल्याइतकंच वाईट बोललो. मी स्वयंपाकघरात गेलो, मिक्सर चालू केला, बंद केला, आणि बाहेर येऊन म्हणालो, "आत्याबाई, निघण्याआधी जरा मिक्सर बघता का? फार आवाज करायला लागलाय. बदलावा म्हणतो."

बायकोने डोळे मोठे केले. तो मिक्सर आत्याबाईंनीच पास केलेला, तेरा वर्षांपूर्वी. त्या उठल्या. भांड्यात भाजलेले शेंगदाणे घातले, मिक्सर चालू केला, त्याच्या अंगावर तळहात ठेवला आणि तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसे डोळे मिटले. बंद केला. झाकण काढून चटणीचं बोट जिभेवर ठेवलं.

"ह्याला काय बी झालेलं न्हाई."

मी खाली बघत होतो.

"जावाईबापू, तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई. पुस्तकाचं बी न्हाई आलं, ह्ये बी न्हाई." मी वर पाहिलं तर त्या पदराने हात पुसत होत्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. "पण जुना झालाय. तेरा वर्षं म्हणजे लई झाली. बघून यायला काय जातंय? शोभा, शेंगदाण्याची पुडी बांध गं. थोडं पीठ बी दे."

बाजारातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही दोन तास होतो. आत्याबाईंनी आधी सात मिक्सर पाहिले. एकात शेंगदाण्याचं तेल सुटलं. एकाचं झाकण एका हाताने निघेना. एक चालू असताना त्यांनी मला दुकानाच्या टोकाला उभं करून तिथून "आत्याबाई, दारावर कोण आलंय" असं ओरडायला लावलं. मी गिऱ्हाइकांच्या गर्दीत, माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांसमोर, ते तीनदा ओरडलो, आणि त्यांना ऐकू न आल्यामुळे तो मिक्सर नापास झाला. विक्रेता म्हणाला, "आजी, याला लोकांनी साडेचार तारे दिलेत."

"मग आभाळात लाव की रे त्याला. ओट्यावर कशाला ठेवायलास?"

दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर धडधडणारं एक नवं गाणं लागलं होतं. आत्याबाईंनी त्या पोराला ते मोठं करायला लावलं, मिक्सरचं झाकण हातात घेऊन त्यावर बोटांनी ताल धरला, आणि आठवा मिक्सर मागवला. ब्याड. नववा. ब्याड. इतक्या आनंदाने नकार देणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. शेवटी पदर झटकून त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातलाच चांगला हाय. पाच वर्षं तरी हात लावू नका त्याला," आणि आम्ही रिकाम्या हातांनी, म्हणजे शेंगदाण्याच्या नऊ प्रकारच्या चटण्या घेऊन, घरी आलो. मुक्काम आठ दिवसांचा पुरा झाला. रोज सकाळी माझ्या स्पीकरवर त्यांची गाणी वाजत होती आणि मी ती ऐकत होतो. एक-दोन बरी आहेत. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

लातूरच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळ बसवलं. बस हलताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून बोट दाखवलं, "पुढच्या वेळी इचारा. अंगठ्यावर भरोसा ठेवू नका!"

बस वळणाआड गेली तरी बायको स्टँडवर तशीच उभी होती. मी म्हणालो, चल. ती म्हणाली, "मिक्सर तर झाला. दिवाळीला इस्त्री बिघडवा. उन्हाळ्यात कूलर." दोन पावलं चालली, मग थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, आत्याला पुरतील एवढ्या वस्तू आहेत ना आपल्या घरात?"